खोली कुणासाठी, बाग कुणाची?

नवरात्र संपून दोन-चार दिवस झाले असतील. लेक कॉलेजातून आली, शीट ठेवायची ती लांबलचक नळी दारातच टेकवली आणि म्हणाली, "आई, मला खोली मिळाली!" क्षणभर मला वाटलं, हॉस्टेलची की काय! डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये आम्ही पाच माणसं राहतो. सासूबाई, आम्ही दोघं, लेक आणि दहावीतला धाकटा. खोली हा शब्द आमच्याकडे जरा जपूनच उच्चारला जातो.

पण ही खोली कागदावरची निघाली. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचं पहिलं मोठं काम. दहा बाय दहा फुटांची एक खोली आणि तिला लागून तेवढीच बाग. जमीन कल्पनेतली, राहणारं माणूस एकच, आणि ते कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं. तीन आठवड्यांनी प्लॅन, सेक्शन, मॉडेल आणि 'ज्युरी'. म्हणजे आपलं काम भिंतीवर लावून उभं राहायचं आणि प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर त्याची चिरफाड करायची.

वर्गात कुणी छायाचित्रकाराची खोली घेतली, कुणी पियानोवादकाची, कुणी योगशिक्षिकेची. आमच्या बाईसाहेबांनी कवी घेतला. दोन रात्री जागून प्लॅन काढला आणि मला दाखवला. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, समोर कमळांचं तळं, तळ्याकाठी चाफा. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक पलंग. दिसायला झकास. मी बी. ए. मराठी, मला त्यातलं काय कळणार? तरी तोंडून निघून गेलंच, "पश्चिमेला काच? मे महिन्यात दुपारी कवी भाजून निघेल गं! आणि जूनमध्ये पावसाची झड सरळ आत. त्या तळ्यात डास होतील ते वेगळंच. केर कुठून काढायचा? ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा?"

लेक चिडली. "आई, तो कवी आहे!"

"असू दे की. कवी अंघोळ करत नाहीत?"

त्यावर तिने मला एक पुस्तक आणून दाखवलं. चंडीगड शहर ज्यांनी आखलं त्या ल कॉर्बुझिए यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर १९५१-५२ मध्ये स्वतःसाठी आणि पत्नीसाठी एक लाकडी खोपटं बांधलं होतं. काबानों त्याचं नाव. बारा फूट बाय बारा फूट, बस्स! जगभर मोठमोठ्या इमारती उभारणारा माणूस सुट्टीत एवढ्याशा खोलीत सुखाने राहायचा. तिचा आराखडा म्हणे त्यांनी पाऊण तासात काढला, आणि पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून दिला. २०१६ साली युनेस्कोने चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबरच या खोपट्यालाही जागतिक वारशाच्या यादीत घातलं. मी चित्र नीट न्याहाळलं. पलंग आहे, टेबल आहे, हात धुवायचं बेसिन आहे, पडद्यामागे संडासही आहे. पण स्वयंपाकाची जागा? ती नाही! शेजारीच एक खानावळ होती आणि खोपट्यातून थेट तिच्यात उघडणारं दार होतं. म्हटलं, अस्सं! शेजारी कुणी रांधून वाढत असेल तर माझीही बारा बाय बाराची काही तक्रार नाही.

चेष्टा सोडा, पण त्याच पुस्तकात पुढे एक गोष्ट सापडली आणि ती माझ्या डोक्यातून जाईना. माणसाच्या शरीरावरून मापं ठरवण्याची एक पद्धत याच कॉर्बुझिएनी बसवली होती. त्यासाठी त्यांनी धरलेला माणूस सहा फूट उंचीचा पुरुष आहे. हात वर केला की त्याची बोटं सात फूट पाच इंचांवर पोचतात, आणि खोपट्याचं छतही तेवढ्याच उंचीवर. माझ्या सासूबाई चार फूट दहा इंच. आमच्या घरातलं वरचं फडताळ त्यांना कधीच पुरलं नाही. बत्तीस वर्षं त्या स्टूल ओढून वरचे डबे काढताहेत, आणि गेल्या वर्षी त्याच स्टुलावरून पडल्या. मनगटाला प्लॅस्टर. तेव्हा आम्ही सगळे त्यांनाच म्हणालो, "कशाला चढलात?" फडताळाला कुणी काही म्हणालं नाही.

बायका आर्किटेक्ट झाल्या की हे सगळं आपोआप सुधारेल असं मला वाटायचं. १९३६ साली जे. जे.तून पदविका घेतलेल्या पेरीन जमशेदजी मिस्त्री या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद मानल्या जातात. आज लेकीच्या वर्गात मुलीच जास्त आहेत. पण नुसतं बाई असून भागत नाही, हेही तिच्याच अभ्यासातून कळलं. आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आद्य आई म्हणजे फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली तयार झालेलं स्वयंपाकघर. मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी ते आखलं. सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट, आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरावरून सुचलेलं, प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजलेली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आणि या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं, की ते आखण्याआधी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता! मला त्यांचा राग नाही आला, उलट कौतुकच वाटलं. निदान त्यांनी मोजलं तरी. पण एकटीच उभी राहू शकेल एवढं अरुंद स्वयंपाकघर केलं की दुसरं कुणी मदतीला आत येऊच शकत नाही, हे ज्या घरात दोघी-तिघी मिळून पोळ्या लाटतात तिथल्या कुणीही सांगितलं असतं.

आता थोडा कबुलीजबाब. लेक हे सगळं काढत होती ते टेबल कुठे होतं? आमच्या बाल्कनीत. म्हणजे एकेकाळच्या बाल्कनीत. चार फूट बाय दहा फूट, दक्षिणेकडे तोंड. तिथे सासूबाईंची बाग होती. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पानांचा ओवा, कोरफड, सदाफुली आणि कुणा मैत्रिणीकडून आणलेलं ब्रह्मकमळ. रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, तेलाचे कॅन... कुंडी म्हणावी अशी एकच, तुळशीची. लेकीला प्रवेश मिळाला, ड्रॉइंगचं मोठं टेबल हवं झालं, तेव्हा आम्ही बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती 'आत' घेतली. तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये गेली, बाकीचं सगळं जिन्याच्या मधल्या टप्प्यावर. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोरीचं शिक्षण आहे, झाडांचं काय!" आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. मीसुद्धा. बायकांच्या हक्कांवर ठिकठिकाणी बोलणारी मी!

म्हणजे एका बागेचा अभ्यास करण्यासाठी आम्ही घरातली बाग उठवली होती. हे माझ्या लक्षात आलं ते सुद्धा कवीच्या चाफ्यावरून भांडण झाल्यावर.

मी कल्याणला पत्रीपुलाच्या बाजूच्या एका वस्तीत बचत गटांचं काम करते. पुढच्या शनिवारी लेकीला म्हटलं, टेप घेऊन चल माझ्याबरोबर. दहा बाय दहाची खोली बघायचीय ना? तिथे सगळ्याच दहा बाय दहाच्या आहेत. गटातल्या एकीच्या घरी गेलो. ती, नवरा, दोन मुलं आणि दीर. लेकीने टेप काढला आणि ती बाई हसायलाच लागली. "ताई, हिला सांगा, माप घ्यायचं तर पहाटे चारला ये. पाणी येतं तेव्हा कळंल घर केवढं ते."

खरंच होतं ते. पाण्याचं पिंप दाराशी का, तर नळ बाहेर आहे आणि भरलेली कळशी घेऊन आत चार पावलं जास्त चालायची नाहीत. कोपऱ्यातली तीन बाय तीनची मोरी हीच न्हाणी, हीच भांडी घासायची जागा. मोरीला पडदा, आणि थोरली मुलगी मोठी झाल्यापासून पडद्याला आतून एक जुनी चादर जास्तीची शिवलेली. पोटमाळ्यावर दीर झोपतो, शिडी दिवसा भिंतीला टांगलेली. दाराबाहेर दीड फुटाचा ओटा. भाजी निवडणं, पोरांचा अभ्यास, शेजारणीशी बोलणं, गटाची बैठक, सगळं त्या ओट्यावर. आणि ओट्याच्या टोकाला तेलाच्या डब्यांत तुळस, पुदिना, मिरचीची दोन रोपं. मोरीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे अळूचा तजेलदार ताटवा. आमच्या कोकणातल्या परसात हेच असायचं. सांडपाणी अळूला आणि केळीला. त्या बाईला कुणी 'लँडस्केप' शिकवलं नव्हतं. पाणी फुकट घालवायचं नाही एवढंच तिला आईने शिकवलं होतं.

परतीच्या गाडीत लेक गप्प होती. ठाकुर्ली गेल्यावर म्हणाली, "आई, तिला एकटीला बसायला जागाच नाहीये ना कुठे?" मी म्हटलं, "आजीला तरी कुठे आहे?"

कवी बाद झाला. नवीन राहणारी व्यक्ती: वय चौऱ्याहत्तर, उंची चार फूट दहा इंच, गुडघेदुखी, झोप पहाटे साडेचारला संपते, डाव्या मनगटात जोर कमी.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मजेचे गेले. नात आजीचं माप घेत होती आणि आजीला प्रथमच कुणीतरी इतके प्रश्न विचारत होतं. बसल्यावर हात किती वर जातो? खाली वाकवतं का? उठताना कशाला धरता? कॉलेजात उन्हाचा अभ्यास शिकवतात, त्याचे तक्ते असतात, गोल गोल रेषांचे. आजी तक्ता न बघता म्हणाली, "मार्गशीर्ष-पौषात ऊन पार कपाटाच्या पायापर्यंत येतं. वैशाखात उंबऱ्याबाहेरच थांबतं." लेकीने पडताळून पाहिलं. दक्षिणेच्या खिडकीत अगदी तसंच होतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य खाली कललेला, म्हणून ऊन आत खोलवर शिरतं. मे महिन्याच्या मध्यावर तो आपल्या भागात थेट डोक्यावर येतो, म्हणून आत येत नाही. बत्तीस वर्षं एकाच बाल्कनीत कुंड्या सरकवत राहिलेल्या बाईला हे ठाऊक असणारच. आपण त्याला ज्ञान म्हणत नाही इतकंच.

बागेचंही तसंच. आधी लेकीने दोन फूट मातीचे वाफे काढले होते. मग हिशेब केला तर ओल्या मातीचा एक घनफूटच पंचेचाळीस-पन्नास किलो भरतो! गच्चीवर किंवा बाल्कनीत तर हे सुचवणंही पाप. पोर्ट ट्रस्टमध्ये काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी तिथल्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातूनच निघणाऱ्या ओल्या कचऱ्यावर अख्खी बाग फुलवली होती, त्याबद्दल मी कधीतरी वाचलं होतं. माती थोडी, पालापाचोळा आणि उसाचं चिपाड जास्त. आधारवाडीच्या कचऱ्याचा धूर आम्ही कल्याण-डोंबिवलीकरांनी वर्षानुवर्षं खाल्लाय, त्यामुळे हा भाग मला फारच पटला. लेकीच्या बागेत वाफे उचलून अडीच फुटांवर आले, आजीला वाकावं लागू नये म्हणून. कडेला टेकायला रुंद काठ. चाफा गेला, कढीपत्ता आला. कमळाच्या तळ्याच्या जागी नळ, आणि नळाखाली अळू.

एका रविवारी आम्ही दोघी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बघायला गेलो. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ही वसाहत. सहा हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं, आणि तीही टॉवर न बांधता. सात-सात घरं मिळून एक अंगण, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. लहानातला लहान प्लॉट पंचेचाळीस चौरस मीटरचा, पण आकाश दिसेल असा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला. भिंतीला भिंत लावलेली नाही, का, तर ज्याला जमेल तसं त्याने पुढे वाढवावं. लोकांनी वाढवलंही. बऱ्याच ठिकाणी मूळचं घर ओळखूच येत नाही, वर दोन-दोन मजले चढलेत. लेक हिरमुसली. पण मला ते अंगण फार आवडलं. एक आजीबाई खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या, वाळवण घातलेलं होतं, आणि कुणाची तरी तुळस मधोमध. घर बदललं तरी अंगण टिकलंय. मला वाटतं, आर्किटेक्टने नेमकं काय द्यायचं असतं याचं उत्तर त्यातच कुठेतरी आहे.

ज्युरीच्या दिवशी मॉडेल घेऊन सकाळी सात चौदाच्या गाडीत चढायचं होतं. डोंबिवलीची सकाळ ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. दीड बाय दीड फुटाचं माउंट बोर्डचं मॉडेल, त्यावर तारेची झाडं. मी सोबत गेले. एकीने ओरडून जागा करून दिली, दुसरीने ते मॉडेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, ठाण्यापर्यंत! तेवढ्यात तिसरीने वाकून आत डोकावलं आणि विचारलं, "मोरी कुठाय गं?" लेकीने दाखवली. "हां, मग ठीक आहे." माझ्या मते खरी ज्युरी तिथेच झाली.

कॉलेजातली ज्युरी मात्र बेताचीच गेली. एका सरांना मोजमापं आवडली. दुसऱ्यांनी विचारलं, "हे सगळं सोयीचं आहे, पण यात कन्सेप्ट कुठे आहे?" पियानोवाल्याला जास्त गुण मिळाले. मी तणतणले, तर लेकच मला समजवायला लागली. "आई, त्यांचंही अगदी चूक नाहीये. पहिल्या दिवसापासून पिंप आणि मोरीच बघत बसलो तर आम्ही नुसते कॉन्ट्रॅक्टर होऊ. आधी मोकळं स्वप्न बघायला शिकवतात." तिचं म्हणणं मला निम्मं पटलं. स्वप्न बघावं. पण ते कुणाचं तरी असावं ना? ज्याला तोंड नाही, गुडघे नाहीत, ज्याच्याकडे धुणं नाही अशा कवीसाठी पहिली खोली आखली, की पुढे पाचशे फ्लॅटचा टॉवरही तशाच कुणासाठी तरी आखला जातो. पहिल्याच वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या माणसाकडे दोन दिवस राहावं, त्याच्या घरात केर काढावा, पाणी भरावं आणि मग पेन्सिल उचलावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलग्यांनी तर नक्कीच.

आणि हे मी केवळ कॉलेजवाल्यांना ऐकवत नाहीये. आमची बिल्डिंग १९८४ची, सध्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. बैठकीला बहुतेक पुरुषच. शेअर सर्टिफिकेटवर बायकोचं नाव आहे अशा घरातूनसुद्धा नवराच येतो, "ती काय बोलणार" म्हणून. चर्चा दोनच गोष्टींची: कार्पेट किती वाढवून मिळणार आणि पार्किंग किती. बिल्डरने चकचकीत चित्रं दाखवली. पोडियमवर 'लँडस्केप गार्डन', त्यात खजुराची झाडं. घोडबंदर रोडच्या जाहिरातींत असतात तशीच. तिथे 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लागणार हे मी आत्ताच सांगते. कढीपत्त्याची चार पानं तिथून आणता यायची नाहीत.

गेल्या रविवारच्या बैठकीत मी उभी राहिले. विचारलं, चार माणसांचं धुणं वाळत कुठे घालायचं? स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची कुणाच्या मापाने ठरवलीत? आणि ऊन येईल, नळ असेल अशी दोन फुटांची पट्टी, चार कुंड्यांपुरती, प्रत्येक घराला का नाही? कुणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, लेखी द्या. 'इतर विषयां'त घेऊ." खालच्या मजल्यावरच्या दोघीजणी मात्र नंतर जिन्यात थांबून म्हणाल्या, आमचीही सही घ्या. आजवर सात सह्या झाल्यात. पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे.

लेक आमच्या फ्लॅटचा प्लॅन काढतेय. अर्जाला जोडायला. त्यात बाल्कनी पुन्हा उघडी दाखवलीय, आणि तिचं टेबल दाखवलेलंच नाही. "अगं, मग तुझं काय?" म्हटलं, तर म्हणाली, "ते अजून सुटलं नाहीये." परवा जिन्यातल्या डब्यांबद्दल सोसायटीची नोटीस आली. काल बघते तर सासूबाईंनी कढीपत्त्याचा डबा उचलून आणलाय आणि ड्रॉइंग टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलाय. तिथे आता कार्तिकातलं ऊन येतं. लेक डाव्या अर्ध्यावर काम करते, आणि रबराचा कचरा त्या डब्यात झटकू नकोस म्हणून दिवसातून चारदा बोलणी खाते.